दोष हाताचा नाही
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीनं नळदुरुस्तीवर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण एका ठिबकणाऱ्या नळानं मला जो धडा दिला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

मी लातूरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात आमचे नळ कोरडे पडले होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत टँकरपुढच्या रांगेत घागर घेऊन मीही उभा राहिलो आहे. अम्मी तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना वापरायची आणि भांड्यांचं पाणी संडासाला. पुढं त्याच वर्षी पाऊस झाला, मांजरा धरण भरलं, नळ पुन्हा वाहू लागले. आणि थोड्याच दिवसांत आमच्या मोरीतला नळ ठिबकायला लागला.

मी काय केलं? खाली बादली ठेवली आणि अम्मीला म्हणालो, "अम्मी, नळ नीट बंद करत जा." तिची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. तिलाही वाटलं, आपल्याच हातात जोर राहिला नाही. ती रात्री उठून दोन्ही हातांनी नळ आवळायची. सकाळी मी त्याहून जोरानं आवळायचो. नळ आणखीच ठिबकायचा. असे दोन-तीन महिने गेले.

शेवटी मिस्त्री आले. त्यांनी नळ उघडला आणि आतला काळा रबरी तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर गोल खाच पडली होती, एका बाजूनं तो चिरला होता. म्हणाले, "सर, दोष हाताचा नाही, वायसरचा आहे. तुम्ही जितकं आवळाल, तितका तो चिरत जाणार." काही रुपयांची वस्तू! अम्मी दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे माझा हात नव्हता ना?" एवढंच तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

त्या दिवशी मी मिस्त्रींजवळ बसून हे काम शिकून घेतलं. फिरवून बंद करायच्या साध्या नळात एक गोल पितळी बैठक असते, तिला सीट म्हणतात. आपण मूठ फिरवली की स्पिंडल खाली उतरतो आणि त्याच्या टोकाचा वायसर सीटवर दाबून बसतो. पाणी थांबतं ते एवढ्यानंच. नळ बरेच दिवस कोरडा राहिला की रबर वाळून कडक होतं. मग पाणी येतं ते गाळ आणि वाळूचे कण घेऊन. ते कण वायसरखाली अडकतात. बोअरच्या पाण्यातले क्षारही तिथंच थर धरतात. अशा वेळी जोर लावला की आधी वायसर चिरतो आणि पुढं सीटलाही चरे पडतात.

म्हणून पाणी कुठून येतंय, ते आधी पाहावं. तोटीच्या तोंडातून ठिबकत असेल, तर बहुधा वायसर गेलेला असतो. नळ चालू असताना मुठीच्या खालून पाणी येत असेल, तर तिथलं पॅकिंग सैल झालेलं असतं. मुठीखालचा नट पान्यानं पाव फेरा आवळला, तरी पुष्कळदा भागतं. भिंतीजवळ आट्यांतून पाझरत असेल, तर नळ काढून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळावी. जुने मिस्त्री सूत आणि सफेदा लावत.

वायसर बदलताना आधी मेन कॉक बंद करावा आणि नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्यावं. मोरीच्या जाळीवर फडकं टाकावं, नाहीतर स्क्रू थेट गटारात. वरचा भाग पान्यानं काढावा. जुना वायसर दुकानात सोबत न्यावा, म्हणजे माप चुकत नाही. सीटवरून बोट फिरवून बघावं. गुळगुळीत लागली तर ठीक. खरबरीत लागली, तर नवा वायसरही टिकणार नाही. ती घासून घ्यावी लागते, नाहीतर नळच बदलावा लागतो. वरचा भाग परत बसवताना मूठ उघडलेल्या स्थितीत ठेवावी. आणि नळ बंद करताना पाणी थांबलं की हातही थांबवावा.

हल्ली पाव फेऱ्यात बंद होणारे नळ आले आहेत. त्यांच्या आत सिरॅमिकच्या चकत्या असतात. तिथं जोर लावून काहीच साधत नाही, आतला भागच बदलावा लागतो.

काही गळती तर ऐकूही येत नाही. फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाकून ठेवा. फ्लश न करताही वीस मिनिटांत भांड्यात निळं पाणी दिसलं, तर ती टाकी गळते आहे.

आमचा नळ दुरुस्त होण्याआधी मी पाव लिटरचा पेला त्याच्याखाली ठेवून पाहिला होता. तो वीस मिनिटांत भरला. म्हणजे दिवसाला १८ लिटर, महिन्याला ५४० लिटर. नंतर कागदावर हिशेब मांडला. लातूरसारख्या पावणेचार लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात, २८ हजार घरांत असा एकेक नळ ठिबकला, तर मिरजेहून आलेली ती पहिली आगगाडी एका दिवसात गटारात रिकामी होते.

मीरा रोडला आबिद सुरती या लेखक-चित्रकारानं २००७ मध्ये हेच काम हाती घेतलं. रविवारी प्लंबर सोबत घेऊन घरोघरी जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. ते वाचलं, तेव्हा मला माझ्या बादलीची लाज वाटली. नदीकाठी वजू करतानाही पाणी उधळू नये, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आणि आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत वजूच्या नळांपैकी दोन-तीन कायम ठिबकत असायचे. एका शुक्रवारी नमाज झाल्यावर मी पाना आणि वायसरची पुडी घेऊन तिथं बसलो. पहिल्या नळाला तासभर लागला, तिसऱ्याला दहा मिनिटं.

अम्मी आता नाही. शेवटपर्यंत घरी आलेल्या प्रत्येकाला ती सांगायची, "नळ माझ्या मुलानं दुरुस्त केला." तिला मी काय बोललो होतो, ते मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

तुमच्या घरात नळ ठिबकत असेल, तर कुणाच्या हाताला बोल लावू नका. मेन कॉक बंद करा आणि नळ उघडून बघा.