सिग्नल मोठ्यानं म्हणायचा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. बोलले तसेच छापत आहोत.)



चिटणीसांनी मला विषय दिला, ‘वर्तमानात जगायला शिकू या’. मी काही प्रवचनकार नाही. रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झालेला माणूस. अनुभवाचं तेवढं सांगतो.

इंजिनात लोको पायलट आणि सहायक असे दोघं असतात. सिग्नल दिसला की हातानं दाखवून तो मोठ्यानं म्हणायचा. एकानं म्हटला की दुसऱ्यानंही म्हणायचा. रोजचाच मार्ग, रोजचाच सिग्नल, तरी म्हणायचा. कारण डोळे उघडे असले म्हणजे माणूस बघतोच असं नाही. शिवाय इंजिनात एक दक्षता यंत्र असतं. साधारण मिनिटभर चालकानं काहीच हालचाल केली नाही तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो. तरीही तो जागचा हलला नाही तर ब्रेक लागतात.

एवढ्या वर्षांत एकही सिग्नल चुकला नाही, याचा मला फार अभिमान होता. पण घरात असा बझर नसतो.

माझं गाव चुडावा. पूर्णा-नांदेड मार्गावरचं छोटं स्टेशन. माय तिथंच राहायची. एका दिवाळीत मी गेलो होतो. माय ओसरीवर तूर निवडत बोलत होती आणि मी मोबाइल बघत ‘हं, हं’ करत होतो. शेवटी ती म्हणाली, “ध्यानात ठिवशील ना रे?” मी म्हणालो, “हो माय.” आठवड्याभरात ती गेली. तेराव्याला बहिणीनं विचारलं, “माय तुला काही बोलली होती का?” मी गप्प. बोलली तर होती. काय ध्यानात ठेवायचं होतं, ते मला आजपर्यंत माहीत नाही.

निवृत्तीनंतर मी इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. सत्यनारायण गोएंका गुरुजींच्या पद्धतीची शिबिरं तिथं १९७६ पासून होतात. मोबाइल जमा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस नुसता येणारा-जाणारा श्वास बघायचा. मन पळालं तर चिडायचं नाही; पळालं हे ओळखायचं आणि परत आणायचं. मला वाटलं, हे तर आपलं सिग्नल म्हणण्यासारखंच! पण खरं सांगतो, घरी आल्यावर पंधरा दिवसांत मी पुन्हा जेवताना पेपर वाचायला लागलो.

तेव्हा आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंची आठवण झाली. त्यांना कुठली दहा दिवसांची रजा? नामदेवांच्या घरी दळण, झाडलोट, धुणं, शेण्या थापणं. त्यांच्या अभंगांत हीच कामं येतात. विठ्ठलाला भेटायला त्या काम टाकून गेल्या नाहीत, त्यालाच जात्यापाशी बोलावून घेतलं. म्हणजे वेगळा वेळ काढायला नको. हातात आहे तेच काम आणि समोर आहे तोच माणूस.

म्हणून मी आता घरातही सिग्नल म्हणतो. नातू म्हणतो, “आजोबा, मी चित्र काढलं.” मी मोबाइल पालथा ठेवतो आणि म्हणतो, “चित्र काढलंस? दाखव बरं.” सौ. म्हणते, “गुडघा दुखतोय.” मी म्हणतो, “गुडघा दुखतोय? डावा का उजवा?” पहिल्यांदा ती हसली. म्हणाली, “ह्यांना ऐकू येईना झालं की काय!” आता मात्र ती पुढचं सांगते.

रोज जमत नाही. दिवसातून चार वेळा तरी मन रुळावरून उतरतं. उतरलं की परत आणायचं, एवढंच.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. सुरुवातीचे काही सभासद आज आपल्यात नाहीत. जे आहेत त्यांना सांगण्यासारखं पुष्कळ आहे. आता जेवणाची पंगत बसेल. मोबाइल खिशात ठेवा, शेजारी कोणी वडीलधारं बसलं असेल तर त्यांचं बोलणं पुरतं ऐका, आणि ते काय म्हणाले ते एकदा परत म्हणून बघा.