रुंद टायर, अरुंद रिम



पावसाळा तोंडावर आला की टायरच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते. जुने टायर गुळगुळीत झालेले असतात, नवे घ्यायचेच असतात. अशा वेळी एक सल्ला हमखास कानावर पडतो. ‘‘एक साइज वाढवून टाका साहेब. रिम तीच चालेल. गाडी रस्त्याला चिकटून पळेल.’’ आज या सल्ल्याविषयीच बोलायचे आहे. रिम कंपनीचीच ठेवून नुसते टायर रुंद केले, तर गाडी खरोखर अधिक ताब्यात राहते का?

मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. पण यातले गणित शाळेतल्या गुणाकारापलीकडे जात नाही. टायरच्या अंगावर ‘१८५/६५ आर १५’ असे काही लिहिलेले असते. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १५ हा रिमचा व्यास, इंचात. रिमची रुंदी मात्र टायरवर नसते; ती रिमवर असते. ‘५.५ जे’ असे तिथे कोरलेले असेल, तर टायरच्या दोन्ही कडा जिथे बसतात त्यांतले अंतर साडेपाच इंच. दुकानात सगळी चर्चा टायरवरच्या आकड्याची होते, रिमवरचा आकडा कोणी वाचतच नाही. खरी गोम तिथेच आहे.

आधी एक समजूत तपासू. रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकले, असे आपल्याला वाटते. समजा, एका चाकावर अडीचशे किलो भार आहे आणि टायरमध्ये ३२ पौंड हवा. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरतो. म्हणजे भार पेलायला साधारण ११० चौरस सेंटिमीटर जागा पुरते, जेमतेम तळहाताएवढी! टायर रुंद केला तरी भार तोच, हवा तीच. म्हणून ही जागा फारशी वाढत नाही. तिचा आकार बदलतो. ती आडवी पसरते आणि लांबीला आखूड होते. कोरड्या रस्त्यावर वळताना या आडव्या आकाराचा थोडा फायदा होतो, हे खरे. पण त्यासाठी टायरला खालून तेवढाच रुंद आधार हवा.

आधार कमी पडला की काय होते? टायरच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि भिंती फुग्यासारख्या बाहेर येतात. स्टिअरिंग फिरवले की आधी रिम सरकते, मग भिंत वाकते आणि त्यानंतर कुठे रस्त्यावरचे रबर वळते. गाडी आधी झुकते, मग वळते. मधला भाग फुगल्याने भार मध्यावर येतो, कडा हलक्या टेकतात आणि टायर मधूनच झिजतो. गझल लिहिणाऱ्याला हे चटकन उमगावे. ओळीत मावतील तेवढ्याच मात्रा घालाव्यात. जास्त कोंबल्या की लय लडखडते.

प्रत्येक मापाच्या टायरला किती रुंदीची रिम चालते, हे ठरलेले असते. १८५/६५ आर १५ ला ५ ते ६.५ इंच. २०५/६५ आर १५ ला ५.५ ते ७.५. म्हणजे साडेपाच इंची रिमवर २०५ चा टायर अगदी काठावर बसतो. २१५ चा नियमाबाहेर जातो. दुकानात ‘बसतो’ म्हणतात ते खरे असते, पण बसणे वेगळे आणि शोभणे वेगळे.

शिवाय उंचीही बदलते. १८५/६५ चा पूर्ण व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर, तर २०५/६५ चा ६४८. चाक ४ टक्क्यांनी मोठे झाले. मीटर ८० दाखवील, तेव्हा पूर्वीच्या हिशेबाने वेग ८३ असेल. पिकअप मंदावतो, स्टिअरिंग जड होते, भरल्या गाडीत पूर्ण वळण घेताना टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासू शकतो.

आणि पाऊस! टायरच्या खाचांचे काम पाणी बाहेर फेकण्याचे. टायर जेवढा रुंद, तेवढे जास्त पाणी त्याला त्याच वेळात बाजूला सारावे लागते. ते जमले नाही की रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो, चाक तरंगते आणि स्टिअरिंगला काही अर्थ उरत नाही.

माझ्या भाच्याचे कामानिमित्त चिपळूण-कऱ्हाड येणे-जाणे असते. रुंद टायर टाकल्यावर तो मला म्हणाला, ‘‘मामू, आता कुंभार्लीच्या वळणांवर ब्रेकची गरजच नाही!’’ मी विचारले, ‘‘जुने टायर किती वर्षांचे होते रे?’’ म्हणाला, ‘‘सहा.’’ म्हणजे तुलना रुंद आणि अरुंद टायरची नव्हतीच, नव्या आणि झिजलेल्या टायरची होती. त्याच मापाचे नवे टायर टाकले असते तरी त्याला हाच आनंद झाला असता. मला भीती टायरपेक्षा त्या ‘गरजच नाही’ची वाटली. कारण घाटात पकड सुटते ती आधी सांगून सुटत नाही.

काही जण म्हणतील, मग कंपन्या महागड्या मॉडेलला रुंद टायर का देतात? देतात; पण त्याबरोबर रुंद रिम देतात, भिंतीची उंची कमी करतात, स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बरही त्या हिशेबाने जुळवतात. आपण त्या सगळ्यातला फक्त टायर उचलतो.

तेव्हा श्रोतेहो, हौस असेल तर एकच पायरी वर जावे, तीही रिमचा आकडा वाचून आणि एकूण व्यास जवळपास तोच ठेवून. १८५/६५ च्या जागी २०५/६० घेतला तर व्यासात फरक एक टक्क्याहून कमी पडतो, पण रिम साडेपाच इंचांहून अरुंद नको. नाहीतर सरळ मूळ मापाचे उत्तम प्रतीचे टायर घ्यावेत. टायरवर चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष लिहिलेले असते. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. ते पाहून ताजा माल मागावा. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच भरावी, तीही टायर थंड असताना. खाचांची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे. पावसात तिची वाट पाहू नये.

तळहाताएवढे चार तुकडे, त्यांच्यावर आपले अख्खे घर बसलेले असते. ते तुकडे नीट टेकले पाहिजेत, एवढेच.