न गेलेल्यांची मोजदाद

एखाद्या तलावाची, जंगलाची किंवा किनाऱ्याची लोकांच्या लेखी किंमत किती, हे बाजारभावावरून कळत नाही. तिथे बहुधा तिकीट नसते आणि असले तरी नाममात्र असते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेला लिहिलेल्या पत्रात यावर एक तोड सुचवली. तिकीट नसले तरी येणाऱ्याला प्रवासाचा खर्च पडतोच. तोच भाव धरावा आणि खर्च वाढत जाईल तशा फेऱ्या किती घटतात ते पाहावे. प्रवासखर्च पद्धत ती हीच.

या पद्धतीत मागणी फेऱ्यांमध्ये मोजली जाते. फेऱ्या शून्य, एक, दोन अशाच असतात. अडीच फेऱ्या कोणी करत नाही. त्यामुळे सरळ रेषेचे समीकरण इथे फसते आणि गणनेसाठी बनलेले प्वासाँ वितरण वापरावे लागते. पण या वितरणाची एक कडक अट आहे. त्यात सरासरी आणि प्रचरण, म्हणजे आकड्यांचा पसारा मोजणारे माप, ही दोन्ही सारखीच असावी लागतात. करमणुकीच्या सहलींच्या बाबतीत ही अट सहसा पाळली जात नाही.

याचे अभ्यासकांमध्ये गाजलेले उदाहरण टेक्सासमधील सोमरव्हिल जलाशयाचे आहे. पूर्व टेक्सासमधील २३ काउंट्यांत हौशी नौकांच्या नोंदणीकृत मालकांची १९८० मध्ये पाहणी झाली. तिच्यातील ६५९ जणांची माहिती संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही सोडवायला दिली जाते. त्यात प्रत्येकाच्या सोमरव्हिलच्या फेऱ्या, उत्पन्न, वॉटर स्कीइंगची आवड, तलावाच्या दर्जाला दिलेले गुण, वार्षिक शुल्क भरले की नाही आणि सोमरव्हिल, कॉनरो व ह्यूस्टन या तीन तलावांवर जाण्याचा खर्च अशा नोंदी आहेत. ६५९ पैकी ४१७ जण सोमरव्हिलला एकदाही गेले नव्हते. एका गृहस्थाने मात्र ८८ फेऱ्या केल्या होत्या. सरासरी २.२४ फेऱ्यांची, तर प्रचरण सुमारे ३९.६, म्हणजे सरासरीच्या जवळजवळ अठरापट.

सरासरी २.२४ असताना साध्या प्वासाँ वितरणानुसार शून्याची शक्यता सुमारे ०.१०६ येते. त्या हिशेबाने ६५९ मध्ये न गेलेले सत्तरच भरायला हवेत. खर्च, उत्पन्न, आवड वगैरे सगळे समीकरणात घेतले तर हा आकडा २७७ वर जातो. तरीही १४० माणसे हिशेबाबाहेरच राहतात.

पहिली दुरुस्ती ऋण द्विपद वितरणाची. माणसामाणसांत नोंदीत न आलेले फरक असतात, हे त्यात गृहीत धरलेले असते: कोणी पाण्याचा वेडा, कोणी नुसता नौका बाळगणारा. या फरकांना जागा दिली की शून्ये वाढतात आणि ८८ सारखे टोकाचे आकडेही सामावतात. सोमरव्हिलसाठी हे प्रतिमान ४२३ शून्ये वर्तवते. प्रत्यक्षात ती ४१७ आहेत. शून्ये पुष्कळ दिसली म्हणून ती वेगळ्या जातीची आहेत, असे लगेच म्हणता येत नाही, हा इथला पहिला धडा.

वेगळ्या जातीची शून्ये असू शकतात, हेही खरेच. श्रावणात मटणाच्या दुकानाकडे न फिरकणारा आणि जन्माचा शाकाहारी, दोघांची त्या महिन्याची खरेदी शून्य. भाव उतरला तर पहिला पुढेमागे पिशवी घेऊन येईल. दुसऱ्याला भावाशी देणेघेणेच नाही. तलावाच्या बाबतीतही एका शून्यामागे महाग पडणारा प्रवास असतो आणि दुसऱ्यामागे मुळात नसलेली इच्छा.

हा भेद दोन रीतींनी मांडतात. जॉन मुलाही यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या हर्डल प्रतिमानात आधी ‘जायचे की नाही’ हा उंबरठा असतो. तो ओलांडलेल्यांच्याच फेऱ्या पुढे मोजल्या जातात आणि सगळी शून्ये उंबरठ्याच्या अलीकडे राहतात. डायन लँबर्ट यांनी १९९२ मध्ये कारखान्यातील दोषांच्या मोजणीसाठी मांडलेल्या झिरो-इन्फ्लेटेड प्रतिमानात शून्ये दोन वाटांनी येतात: कधीच न जाणाऱ्यांची आणि जाऊ शकणाऱ्यांपैकी यंदा न गेलेल्यांची. हर्डल बरोबर ४१७ शून्ये देते, पण त्याची रचनाच तशी असल्याने ते श्रेय नव्हे. ऋण द्विपदावर आधारलेले झिरो-इन्फ्लेटेड प्रतिमान ४३३ देते.

या निवडीचा परिणाम थेट पैशांत दिसतो. अशा घातांकी मागणी-समीकरणात दर फेरीमागचे उपभोक्त्याचे संतोषाधिक्य, म्हणजे तो द्यायला तयार असलेली रक्कम वजा प्रत्यक्ष खर्च, हे एक भागिले खर्चाचा गुणक इतके येते, चिन्ह सोडून. प्वासाँ प्रतिमानात सोमरव्हिलच्या खर्चाचा गुणक −०.०४२५ येतो, म्हणजे फेरीमागे सुमारे २३.५ डॉलर. ऋण द्विपदात तो −०.०९२७ येतो आणि किंमत १०.८ डॉलरवर उतरते. माहिती तीच, तलाव तोच, पण मोल निम्म्याहून कमी. धरण, शुल्क किंवा डागडुजीचा निर्णय अशा आकड्यावर ठरणार असेल, तर वितरणाची निवड ही नुसती तांत्रिक बाब राहत नाही.

माहितीतल्या खाचाखोचाही पाहाव्या लागतात. तलावाच्या दर्जाला एक ते पाच गुण होते. न गेलेल्यांच्या नावापुढे शून्य लिहिले गेले. हे शून्य म्हणजे ‘फार वाईट’ नव्हे, ‘मत नाही’. ते गुण म्हणून समीकरणात घातले की कोण गेले याचे उत्तर प्रश्नातच शिरते. वार्षिक शुल्क भरणारे १३ जण होते आणि ते सगळेच किमान एकदा गेले होते. त्यामुळे हर्डलच्या पहिल्या टप्प्यात या घटकाचा गुणक अमर्याद फुगतो आणि त्यातून काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

पाहणी तलावाच्या काठावरच केली, तर अडचण उलटी होते. न गेलेला तिथे भेटतच नाही आणि वारंवार येणारा जास्त वेळा गाठ पडतो. डायगी शॉ यांनी १९८८ मध्ये दाखवले की प्वासाँ वितरणात दोन्ही दोष एकदम दूर होतात: प्रत्येकाच्या फेऱ्यांतून एक वजा करून नेहमीचे समीकरण मांडायचे. ऋण द्विपदात मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे वेगळे सूत्र लागते.

शून्यामागचे कारण नुसत्या फेऱ्यांच्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. दोन-तीन प्रतिमाने जवळजवळ सारखीच जुळू शकतात. म्हणून प्रश्नावलीतच विचारून घेणे उत्तम: अशा तलावांवर कधी जाता का, खर्च कमी असता तर गेला असता का. ही उत्तरे हाती असली की न गेलेल्यांपैकी कोणाला मागणीच्या हिशेबात धरायचे, हे सूत्राच्या अंदाजावर सोडावे लागत नाही.