शिस्त हवी, मार नको



पाच वर्षे लाड करावेत, पुढील दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे वर्ष लागताच पुत्राशी मित्राप्रमाणे वागावे, असा उपदेश एका जुन्या सुभाषितात आहे. त्यातील मधला भागच पिढ्यान्‌पिढ्या अधिक निष्ठेने पाळला गेला. मुलावर हात उगारणारा पिता बहुधा क्रूर नसतो. मुलाचे भले व्हावे, हीच त्याची इच्छा असते. म्हणूनच हा प्रश्न निर्दय माणसांचा नसून प्रेमळ माणसांच्या समजुतीचा आहे.

मार बसताच मूल गप्प होते आणि उपाय लागू पडला असे वाटते. परंतु ते गप्प होते भीतीने; चूक उमगल्यामुळे नव्हे. पुढच्या वेळी चूक टळत नाही, ती लपविली जाते. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच दशकांतील संशोधन आणि सुमारे १ लाख ६० हजार मुलांविषयीची माहिती एकत्र तपासण्यात आली. चापट मारण्याचा संबंध आज्ञाधारकपणाशी नव्हे, तर आक्रमकपणा व मानसिक अस्वास्थ्य यांच्याशी आढळला.

ही दृष्टी केवळ परदेशी नव्हे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोदक यांनी व पुढे अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरातील आदिवासी मुलांपर्यंत बालशिक्षण नेले. मुलाचा आदर हाच त्या शिक्षणाचा पाया होता.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार, मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यक्तीने त्याला मारहाण करून अनावश्यक यातना दिल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तथापि, स्वीडनने १९७९ मध्ये केला तसा घरातील प्रत्येक चापटीस मनाई करणारा स्पष्ट कायदा भारतात नाही. तेथे पालकांचा विवेक हाच कायदा होय.

मग शिस्त कशी लावावी? सांडलेले पाणी मुलाकडूनच पुसून घ्यावे. मोडलेली वस्तू दुरुस्त करताना त्याला सोबत बसवावे. घरातील नियम थोडे असावेत, पण आज एक आणि उद्या दुसरा असे नसावे. दिवसभर राबून आलेल्या आईचा संताप अनावर झाला, तर तिने क्षणभर दूर व्हावे. तेवढ्या वेळात घरातील अन्य कोणी मुलाला जवळ घ्यावे. एखादे मूल मार सोसत असल्याचे दिसल्यास शेजाऱ्यांनी १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे.

ज्या घरात चूक सांगण्याचे भय वाटत नाही, त्या घरातील मूल संकटात सापडले तर प्रथम आई-वडिलांकडेच धाव घेईल. शिस्तीचे याहून मोठे फळ कोणते?