धर्माच्या नावाने चाललेला न्याय



राजसत्ता धर्माच्या नावाने शिक्षा देऊ लागली म्हणजे काय होते, हे पाहावयास फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज सरकारच्या छत्राखाली १५६० साली ‘इन्क्विझिशन’ हे धर्मन्यायालय सुरू झाले. मधली चार वर्षे सोडता ते १८१२ पर्यंत चालले. नव्याने ख्रिस्ती झालेली कुटुंबे त्याच्या तडाख्यात सापडली. हिंदूही सुटले नाहीत. शिक्षा धर्मन्यायालय ठरवी आणि माणसाला जाळण्याचे काम सरकारी अधिकाऱ्यांकडे सोपवी. प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्या बहिणीला १५६९ मध्ये जाळण्यात आले. पुढे १५८० मध्ये खुद्द त्यांची हाडे थडग्यातून उकरून जाळली.

१६७३ मध्ये दमणला शार्ल देलाँ या फ्रेंच डॉक्टरला अटक झाली. तो स्वतः कॅथलिकच होता. आरोप कोणता, तक्रार कुणाची, हे त्याला सांगितले नाही. गुन्हा त्यानेच आठवावा आणि कबूल करावा, अशी रीत होती! सुटल्यावर १६८७ मध्ये त्याने ही हकीकत प्रसिद्ध केली.

मित्रांनो, हे ऐकून दुसऱ्यांच्या धर्माकडे बोट दाखवू नका. आपल्या इतिहासातही ‘मिहना’ आहे. ८३३ साली खलीफा मामून यांनी उलेमांच्या श्रद्धेची चौकशी आरंभिली. कुरआनविषयीचे सरकारी मत नाकारल्याबद्दल इमाम अहमद बिन हंबल कैदेत गेले आणि पुढील खलीफा मुतसिम यांच्या काळात त्यांना फटके मारण्यात आले. मारणारे मुसलमान, सोसणारेही मुसलमान! ते सरकारी मत केव्हाच मागे पडले. इमामसाहेबांच्या नावाचा मजहब आजही आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे, मुलांना राज्यघटनेची तीन कलमे शिकवा. कलम २० प्रमाणे आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही. कलम २२ प्रमाणे अटकेचे कारण सांगावे लागते, वकील मिळतो आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. कलम २५ श्रद्धेचे स्वातंत्र्य देते. प्रतिबंधक स्थानबद्धतेत यांतील काही हक्क मिळत नाहीत, म्हणून जागरूकता अधिकच हवी.

आपल्या माजरीत सर्व धर्मांचे कामगार एकाच पाळीला खाणीवर जातात. उद्या कुणालाही पकडून नेले तर त्याचे नाव, त्याची जात विचारण्याआधी विचारा, “आरोप काय?” हा प्रश्न आपण दुसऱ्यासाठी विचारला, तरच आपल्यासाठी विचारणारा कुणी उरेल.