कोशाची किल्ली आणि सभेचा शब्द

यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर तालुक्यांत कोलाम लोकांच्या वस्तीला पोड म्हणतात. पोडाला नाईक असतो आणि चावडी असते. वस्तीचा प्रश्न चावडीवर बोलून सोडवावयाचा, ही तेथली जुनी रीत. या बोलण्याला कोणी पगार देत नाहीं, आणि कोणी तो मागतही नाहीं. अशा बिनपगारी कारभाराची खरी कसोटी लागते ती सभेच्या हातीं पैसा आल्यावर.

केळापूर तालुक्यांतील कित्येक गांवें 1985 च्या आदेशान्वयें अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. अशा क्षेत्रांसाठीं संसदेनें 1996 सालीं जो कायदा केला, त्याला सामान्यतः ‘पेसा’ म्हणतात. गांवच्या विकासाची योजना अमलांत येण्यापूर्वीं तिला ग्रामसभेची संमति हवी, आणि पैसा योजनेवरच खर्च झाला असा दाखलाही पंचायतीनें ग्रामसभेकडूनच घ्यावा, अशीं दोन कलमें त्यांत आहेत. महाराष्ट्रानें याचे नियम 2014 मध्यें केले. पुढें 2015 सालीं आदिवासी उपयोजनेच्या निधीचा पांच टक्के भाग या क्षेत्रांतील पंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला. वरून ठरून येणारा पैसा आतां खालीं ठरवून खर्चावयाचा होता.

हा बदल दिसावयास लहान, परंतु पेलावयास जड आहे. समजा, एका पोडांत विहिरीचा गाळ काढावयाचा आहे आणि तेवढ्याच रकमेंत सभागृहाची डागडुजीही होऊं शकते. दोहोंपैकीं काय आधीं, हें सभा ठरवील. पण हिशेब कोण लिहील? एखादा शिकलेला तरुण पुढें येतो. वर्षभर तो रोजगार बुडवून तालुक्याच्या गांवीं, पांढरकवड्याला, खेपा घालतो. त्याला कांहीं मोबदला द्यावा, असें कोणी सुचवितो. आणि लागलीच दुसरा विचारतो, ‘मग आम्ही श्रमदानानें बांध घातला, त्याचें काय?’ दोघांचेंही म्हणणें रास्त असतें. पेंच आहे तो येथेंच.

हाच पेंच एका अगदीं निराळ्या मंडळीला पडला होता. ‘डेबियन’ ही संगणक चालविणारी प्रणाली 1993 पासून देशोदेशींचे स्वयंसेवक मिळून घडवीत आले आहेत. तिची मूळ संहिता सर्वांना खुली. कोणीही ती वाचावी, सुधारावी, वांटावी. या मंडळींनीं 1998 सालीं आपली लेखी घटना केली. प्रमुखाची निवड दरवर्षीं मतदानानें होते. पैसा मात्र मंडळी स्वतःजवळ ठेवीत नाहींत. तो सांभाळण्याचें काम 1997 मध्यें अमेरिकेंत स्थापन झालेल्या संस्थेसारख्या विश्वस्त संस्था करतात. खर्चाचा निर्णय प्रमुख देतो, पण सभासदांना मतदानानें तो फिरवितां येतो. आणि घटनेंत एक विलक्षण वाक्य आहे : या घटनेमुळें कोणावरही काम करण्याचें बंधन येत नाहीं.

या वाक्याचें मर्म 2006 मध्यें कळून आलें. नवी आवृत्ति डिसेंबरांत वेळेवर निघावी, म्हणून कांहीं सभासदांनीं बाहेर वर्गणी जमवून, प्रकाशनाचें काम पाहणाऱ्या दोघांना थोडे दिवस वेतन देण्याचा बेत केला. प्रमुख स्वतः त्या बेतांत होता. हेतु चांगला होता. पण दोघांना पैसे आणि बाकीच्यांना नुसते आभार, हें पुष्कळांना खटकलें. कांहींनीं आपलें काम कमी केलें. प्रमुखाला दूर करण्याचा ठराव आला. तो फेटाळला गेला. नवी आवृत्ति निघाली ती एप्रिल 2007 मध्यें. विलंबाचें सारें खापर या बेतावर फोडणें योग्य होणार नाहीं. तथापि पैशानें वेळ विकत मिळाला नाहीं आणि मनें मात्र दुखावलीं, एवढें खरें.

यावरून स्वयंसेवकाला कधींच मोबदला देऊं नये, असें अनुमान काढणें भाबडेपणाचें ठरेल. उपाशी पोटीं हिशेब लिहिणारा फार दिवस टिकत नाहीं, आणि तो गेला कीं वही ज्याच्या हातीं सांपडेल त्याचेंच राज्य होतें. प्रश्न मोबदल्याचा नाहीं, तो कोणी व कसा ठरविला याचा आहे. सर्वांसमक्ष ठरलेली थोडी रक्कम गांव सोसतें. आडून दिलेली त्याहून लहान रक्कमही सोसत नाहीं.

गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा या गांवचें उदाहरण येथें उपयोगीं पडतें. तेथें निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वसंमतीनें होतो; आणि सभेपूर्वीं अभ्यासगटांत विषयाची चर्चा होते. या गांवाला 2009 मध्यें अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, व 2011 मध्यें बांबू विकण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे निर्णयाची संवय आधीं लागली, पैसा मागून आला.

केळापूरकडे क्रम उलटा झाला. कायद्यानें पैसा आधीं आला. परंतु संवयीचें बीज तेथें नाहीं असें कोण म्हणेल? चावडी तर जुनीच आहे. किल्ली एकाच्या हातीं असावी, शब्द सभेचा असावा, आणि वही वर्षांतून एकदां तरी, ज्यांना अक्षर येत नाहीं त्यांनाही समजेल अशी, मोठ्यानें वाचली जावी. एवढें साधलें तर विहीर आधीं कीं सभागृह आधीं, याचा वाद होईल. पण त्या वादानें पोड दुभंगणार नाहीं.