पाण्याबरोबर मीठही



पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली पहिल्यांदा हाफ आयर्नमॅन स्पर्धा झाली.

आधी समुद्रात सुमारे २ किलोमीटर पोहायचं.
मग ९० किलोमीटर सायकल.
मग २१ किलोमीटर धावायचं.
सगळं सलग!

मीही एका वर्षी नोकरी सांभाळून उतरलो.
पोहणं निभावलं. सायकलही निभावली.
पण खाली उतरलो, आणि पाय माझे राहिलेच नाहीत.
मांड्यांचे दगड झालेले.
त्यात गोव्याचा दमट उकाडा.
घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही.

मी नुसतं पाणी पीत राहिलो.
तिथंच चुकलं.
घामातून मीठही जातं.
पुन्हा सांगतो, पाण्याबरोबर मीठही हवं.

शेवटचा टप्पा चालतच काढला.
वेळेत पोचलो, एवढंच.

तुम्ही उतरणार असाल, तर सरावात सायकलवरून उतरल्या उतरल्या थोडं धावून पाहा.
आणि बाटलीत मीठ-साखर घालायला विसरू नका.